सौर पंप बसवला म्हणजे शेतकऱ्यानं तोंड बंद करायचं का?

बोअर_५२०
परवा इथं एका पुणेकरानं लिहिलं की ९० टक्के अनुदानावर सौर पंप मिळतोय, दिवसा फुकट वीज मिळतीय, देश २०७० ला नेट झिरो होणार, म्हणजे हवेत सोडतो तेवढा कार्बन शोषून हिशेब शून्यावर आणणार, तरी शेतकऱ्याचं रडगाणं काही संपत नाही. दोन दिवस गप्प बसलो पण राहवेना.

आम्ही केज तालुक्यातले. कोटेशन भरून चार वर्षं लाईटच्या कनेक्शनची वाट बघितली, मग ऑफिसात सांगितलं की आता पोल-तारेचं विसरा, सौरच घ्या. घेतला. ३ एचपी, कारण जमीन अडीच एकराच्या आत. म्हणजे जमीन किती ते बघून एचपी ठरतो, पाणी किती खोल ते कुणी विचारत नाही. बोअर ५२० फूट. मार्चपासून करंगळीएवढी धार, अन् सकाळी दहाच्या आत, चारच्या पुढं तीही नाही. नोव्हेंबरात पंप चालवणारा डबा, कंट्रोलर, गेला. फोन लावला की 'तक्रार नोंदवली आहे' एवढाच मेसेज. बावीस दिवसांनी एक पोरगं आलं, काहीतरी बदललं, फोटो काढला अन् गेलं. तोवर हरभरा फुलातच वाळला. वॉरंटी पाच वर्षं हाय म्हणं.

अन् फुकट कुठंय? तारेवरच्या साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून बिल माफ. आम्ही दहा टक्के रोख भरून सौर घेतला. फुकट्या कोण ते तुम्हीच ठरवा.

बिबट्याशेजारी
दादा, हरभऱ्याचं वाईट वाटलं, पण तुमचं वाचून लोक सौर पंप नकोच म्हणायला लागतील म्हणून लिहिते. आमचं रान जुन्नरकडं. मोटारीची थ्री फेज लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीचीच. ऑटो स्विचवर मोटार आपोआप चालू होते हो, पण दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, माणूस लागतोच ना. मी दारं धरायचे आणि सासरे बॅटरी घेऊन बांधावर डबा वाजवत उभे. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात आमच्यात, त्याची आता बातमीसुद्धा होत नाही. दोन वर्षं झाली सौर बसवून. नऊला पाणी चालू, तीनला मी घरात. मला तुमचा नेट झिरो माहीत नाही, रात्रीची झोप माहितीय.

बोअर_५२०
ताई, तुमची विहीर असंल चाळीस फुटांची, वर कालव्याचा पाझर. आमच्यात चाळीस फुटांवर नुसता मुरूम.

रिटायर्ड_उपअभियंता
दोघंही एकेका पंपात अडकलात. रानोरान पॅनेल लावत बसण्यापेक्षा अख्खा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडं जाणारी वीजवाहिनीच, सौरवर टाका, सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून तेच सांगतेय, राळेगणसिद्धीला सुरुवात झाली. उपकेंद्राजवळ प्रकल्प, शेतकऱ्याची तीच जुनी मोटार, वीज दिवसा, बिघाड एका जागी. प्रकल्पाला पडीक जमीन दिली तर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख भाडं, हरभऱ्यात सुटतात का एवढे? अर्थात तारेवर आकडे टाकून वीज चोरायची सवय गेली तरच फीडर टिकेल.

बोअर_५२०
आलात आकड्यावर! डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाल्यावर वर्गणी कोण काढतं, ट्रॅक्टरमध्ये घालून डीपी कोण नेतं, तेही लिहा साहेब. नोकरीत असताना दिसलं असंलच.

मांजराकाठ
मुद्दा विजेचा नाहीच, पाण्याचा आहे. लोडशेडिंगनं निदान बोअरला दम खायला वेळ मिळायचा, आता ऊन आहे तोवर उपसा आणि एका पैशाचा खर्च नाही. पाणी जातंय कुठं? उसाला. लातूरनं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, तरी आमच्याकडं ऊस हटत नाही.

पंचगंगेचा_पोरगा
आला का ऊस! कुठलाबी विषय काढा, शेवटी आमच्या उसावरच. रेल्वेनं आलेलं पाणी आमच्याच कृष्णेचं, तवा गोड लागलं. नदीकाठचं पीक तुम्ही बोअरवर लावलासा, त्यात आमचा काय दोष? आणि हरित वीज हरित वीज करताय, कारखान्यात चिपाडं जाळून जी वीज होते ती बी हरित विजेतच मोजत्यात की.

मांजराकाठ
चिपाडाची वीज गाळप चालू असताना, म्हणजे चार-पाच महिने. ऊस पाणी पितो बारा महिने. राज्यातल्या चारेक टक्के जमिनीवरचं पीक सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी खातंय. ठिबक किती जणांनी केलंय तुमच्यात, खरं सांगा.

पंचगंगेचा_पोरगा
तुमच्यात दुसऱ्या कुठल्या पिकाला हमखास पैसा मिळतोय ते सांगा, उद्या ऊस मोडतो. सोयाबीनचा दर सांगू नका तेवढा. चहा बिनसाखरेचा पिता का घरात?

मांजराकाठ
हो, मधुमेह आहे.

राखेचा_धनी
तुमी साखरेवर भांडा बाप्पा. आमच्या चंद्रपुरात २९२० मेगावॅटचं कोळशाचं वीजकेंद्र, राख आमच्या गच्चीवर अन् लाईट मुंबई-पुण्याले. माय पापड घरातच वाळवते. २०२५ मध्ये देशाची वीज बनवायची निम्मी क्षमता कोळसा-तेल-गॅस सोडून दुसऱ्याची झाली म्हणून सगळे नाचले, पण तयार होणाऱ्या युनिटात कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास हाय. संध्याकाळी सूर्य बुडाला का तुमचा एसी आमच्याच राखेवर चालते. त्या पुणेकराले विचारा, तो कुठं गेला?

रिटायर्ड_उपअभियंता
राखेचं खरं आहे. साठवण नसेल तर सौर म्हणजे दिवसपाळीच. दिवसा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी सोडून वीज करायची, घाटघरला २५० मेगावॅटची तशी सोय आहे, पण एवढ्यानं काय होणार. आणि एचपी जमिनीवरून ठरवणं चूक आहे, हेही मान्य. डीपीबद्दल मात्र मी काही बोलणार नाही.

बिबट्याशेजारी
दादा, पॅनेल पुसता का? धूळ बसली की पाणी कमी पडतं, आठवड्याला फडकं मारत जा.

बोअर_५२०
पुसतो ताई. पुसायला पाणी शेजाऱ्याकडून आणतो, त्याची मोटार तारेवर हाय. तुमचं एक मात्र कबूल, रात्री आता मलाही झोप लागती. उठून धरायला दारंच नाहीत.