‘विरान’ नाव कसं वाटतं? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

विराज, बी-५०३: नमस्कार मंडळी. रविवारी बाळाचं बारसं आहे, निमंत्रण वेगळं पाठवतोच. गुरुजींनी रोहिणीचा तिसरा चरण, अक्षर ‘वी’ सांगितलंय. आम्ही दोघांच्या नावांतून ‘विरान’ तयार केलंय. विराजमधलं ‘विरा’, अनुजातलं ‘न’. नेटवर अर्थ ‘शूर योद्धा’ असा दिलाय. हॉस्पिटलचा फॉर्म उद्या द्यायचाय. इंग्रजीत शेवटच्या ‘एन’आधी एक ‘ए’ लिहू की दोन?

जोशीकाका, ए-२०१: अभिनंदन रे! स्पेलिंग नंतर, आधी नावाचंच बघ. ‘वीरान’ म्हणजे उजाड, ओसाड. शब्द फारसीतून आला, आपलं ‘वैराण’ त्याच घरातलं. तू ‘वि’ ऱ्हस्व लिहिलास तरी बोलताना फरक कळत नाही, आणि हिंदी येणाऱ्या प्रत्येकाला पहिला तोच अर्थ आठवणार.

विराज, बी-५०३: बापरे. तीन साइट्सवर ‘शूर’ लिहिलंय काका.

जोशीकाका, ए-२०१: त्या एकमेकींचं उतरवून घेतात. ‘शूर’, ‘सूर्याचा पहिला किरण’, ‘देवाची देणगी’ हे अर्थ कुठल्याही नावाला चिकटवलेले सापडतील. आपट्यांचा संस्कृत कोश आणि मोल्सवर्थचा मराठी कोश नेटवर फुकट शोधता येतात, तिथे बघ. अख्खा शब्द नाही मिळाला तर फोड करून बघ. देव + अंश = देवांश, रुद्र + अंश = रुद्रांश, ही सरळ फोड होते. फोडच होत नसेल तर त्या नावाला अर्थ नाही असं धरून चाल. अर्थ नसला तरी चालतं, पण वाईट अर्थ लपलेला नको. आणि संस्कृत, मराठी, हिंदी, उर्दू चारही बाजूंनी बघायचं. ‘कियान’ घे. फारसीत ते राजघराण्याशी जोडलेलं भारदस्त नाव आहे, संस्कृतात ‘कियान्’ म्हणजे ‘किती?’

सी-६०१: आमच्या भाच्याचं नाव अनय ठेवलंय. कोणीतरी म्हणालं त्याचा अर्थ अन्याय. खरं का?

जोशीकाका, ए-२०१: कोशात ‘अनय’ म्हणजे अनीती, दुर्दैव असं आहे खरं. पण विष्णुसहस्रनामात ‘नेयो नयोऽनयः’ येतं. तिथे अर्थ ज्याला दुसरा कोणी नेता नाही असा. नाव उत्तम आहे, विचारणाऱ्याला सहस्रनाम दाखवा. मात्र ‘श्रेयांश’ ठेवणाऱ्यांनी थांबावं. मूळ नाव जैनांचे अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ यांचं, त्यात ‘स’ आहे. ‘अंश’वाल्या नावांच्या लाटेत त्याचा ‘श’ झाला.

साठेकाकू, ए-४०२: विराज, अक्षरासाठी इतकी ओढाताण करू नकोस बाळा. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, मिळून १०८ अक्षरं. हस्ताला पू, ष, ण, ठ येतात. ‘ण’वरून कोण काय नाव ठेवणार? म्हणून तर नावरस नाव, म्हणजे नक्षत्राच्या अक्षरावरून ठेवलेलं, वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं. धर्मसिंधू या धर्मशास्त्राच्या ग्रंथात चार नावं सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिताना ‘वी’चं नाव लिहा. हाक मारायचं नाव हवं ते ठेवा.

देशमुख वहिनी, सी-३०४: सगळ्यात महत्त्वाचं. उद्याच्या फॉर्मात बाळाच्या नावाचा रकाना कोरा सोडा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, नावाची नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. नाव न घालता नोंद होते, दाखलाही मिळतो. जन्मनोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव फुकट चढवता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. डिस्चार्जच्या गडबडीत काउंटरवर उभ्या उभ्या नाव लिहिलं जातं आणि घोळ होतो.

विराज, बी-५०३: आणि नंतर बदलायचं म्हटलं तर?

देशमुख वहिनी, सी-३०४: तिथेच अडतं. कलम १५ चुकीच्या दुरुस्तीसाठी आहे, मन बदललं म्हणून नाही. दुरुस्तीतही मूळ नोंद खोडत नाहीत, समासात शेरा मारतात. राजपत्रात नाव बदलता येतं, पण मग प्रत्येक ठिकाणी जन्मदाखला आणि राजपत्र अशी जोडगोळी घेऊन फिरायचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, लायसन्स, मतदारयादी सगळीकडे जन्मतारीख आणि जन्मस्थळासाठी जन्मदाखलाच चालतो. त्यावरचं नाव पक्कं हवं.

अनुजा, बी-५०३: वहिनी, फार बरं झालं सांगितलंत. कोराच सोडतो. काका, ‘वी’वरून आमच्या दोघांचं काही घडवता येईल का? थोरलीचं नाव वीरा आहे.

जोशीकाका, ए-२०१: मग होतंय की! वीरा + अनुज = वीरानुज. वीराचा धाकटा भाऊ. रामानुज जसं. त्यात तुझं नावही जवळजवळ अख्खं आलं. अक्षरं चार. पारस्कर गृह्यसूत्रात, म्हणजे घरच्या संस्कारांच्या जुन्या नियमग्रंथात, मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं सांगितलंय. सुरुवात घोष वर्णाने (ग, द, ब, व असे घुमणारे वर्ण) आणि मधे अंतःस्थ (य, र, ल, व) हवा, तर ‘व’ आणि ‘र’ दोन्ही बसतात.

अनुजा, बी-५०३: 😍

पाटील, बी-१०२: छान आहे, पण पूर्ण नाव मोठ्याने म्हणून बघा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. म्हणजे ‘वीरानुज अनुजा विराज’ आणि पुढे आडनाव. जीभ अडखळते. खरं सांगायचं तर आता आईबाबांची नावं जोडून नाव बनवायची गरजच उरलेली नाही, दोघंही नावात आधीच आहात. बाळाला त्याचा स्वतंत्र शब्द द्या.

साठेकाकू, ए-४०२: पाटलांचं पटतंय. शिवाय ‘वीराचा भाऊ’ ही ओळख त्याला जन्मभर नको वाटली तर? तांदळात वीरानुज लिहा, शोभेल.

पाटील, बी-१०२: लांबीचंही बघा. पासपोर्टच्या पानावर तळाशी मशीनने वाचायच्या ओळी असतात, त्यातल्या नावाच्या ओळीत ४४ जागा असतात. पहिल्या ५ कागदाचा प्रकार आणि देश यात जातात. उरलेल्या ३९ मध्ये आडनाव, मग ‘<’ अशा दोन खुणा, मग बाकीची नावं, प्रत्येकामध्ये एक खूण. आई-वडिलांची नावं त्यात घातली आणि आडनाव मोठं असलं की शेपूट कापलं जातं. बाळाचं नाव इंग्रजीत सहा-सात अक्षरांत बसलं तर बरं. हायफन, टिंब, ॲपॉस्ट्रॉफी अजिबात नको.

विराज, बी-५०३: आणि दोन ‘ए’चं? अंकशास्त्रवाल्यांनी सुचवलं होतं.

पाटील, बी-१०२: नको. जादा अक्षर कुठे ना कुठे गळतं. दाखल्यावर दोन, आधारवर एक, शाळेच्या जनरल रजिस्टरला तिसरंच. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी यातच जाते. बाहेरच्या राज्यातला माणूस ते स्पेलिंग कसं वाचेल तेही बघा. ज्ञ आपण ‘डी-एन-वाय-ए’ लिहितो, उत्तरेत ‘जी-वाय-ए’. ऋ आपल्याकडे ‘रु’, तिकडे ‘रि’. नवीन नाव घडवताना ही दोन अक्षरं टाळलेली बरी. जुन्या नावाला लोक सांभाळून घेतात, नव्या नावाचा उच्चार स्पेलिंगवरूनच ठरतो.

जोशीकाका, ए-२०१: आणखी एक कर. नावाला मराठी प्रत्यय लावून बघ: ला, ने, चा, शी. मग वैतागून हाक मारून बघ आणि लाडाने तोडून बघ. शेवटी उ-ऊ असलेली काही नावं तिथेच नापास होतात.

देशमुख वहिनी, सी-३०४: नाव चढवायला जाल तेव्हा देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही एका कागदावर ठळक लिहून न्या. इंग्रजीवरून आपोआप देवनागरी उमटली तर ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार हमखास चुकतात. अंतिम प्रिंट काढण्याआधी स्क्रीनवर तुमच्या दोघांची नावंसुद्धा वाचून घ्या, तुमच्या आधारशी जुळायला हवीत.

अनुजा, बी-५०३: ठरलं. ताटात वीरानुज, फॉर्म कोरा. दिवाळीपर्यंत वेळ घेतो. काका, सहस्रनामाचं पुस्तक संध्याकाळी न्यायला येऊ का?

जोशीकाका, ए-२०१: ये की. आपट्यांचा कोशही घेऊन जा, दोन पिशव्या आण.