ब्यूसिंगेनसाठी नेमका मराठी शब्द हवा आहे

ब्यूसिंगेन या जर्मन खेड्यावर लेख लिहितोय. जेमतेम ७.६ चौ. किमी, चहूबाजूंनी स्वित्झर्लंड. खरेदी बहुतेक स्विस फ्रँकमध्ये, पिनकोड दोन्ही देशांचे. १७७० मध्ये ऑस्ट्रियाने शेजारची गावं झुरिचला विकली, हे मात्र जुन्या रागापोटी ठेवलं. पहिल्या महायुद्धानंतर ९६ टक्के मतं स्वित्झर्लंडच्या बाजूने पडली, तरी गाव जर्मनीतच राहिलं.

इतिहास जुळवून झालाय, अडलंय शब्दांवर. ‘एक्सक्लेव्ह’ला (म्हणजे दुसऱ्या देशाने वेढलेला, मुख्य देशापासून तुटलेला तुकडा) ‘बेट’ म्हटलं तर वाचक पाणी शोधतील (ऱ्हाइन काठालाच आहे, म्हणून आणखी घोळ). ‘छिटमहाल’ (भारत-बांगलादेश सीमेवरच्या अशा तुकड्यांचं नाव) कूचबिहारचा वाटतो. ‘गेमाइंड’ला (जर्मनीतला गावपातळीचा कारभार) शब्दकोशातली ‘नगरपालिका’ दीड हजार वस्तीला शोभत नाही. लेख शाळकरी मुलांसाठी आहे, संस्कृतप्रचुर शब्द नकोत. ‘ग्रामपंचायत’ चालेल का, आणि ‘एक्सक्लेव्ह’ला तुम्ही काय म्हणाल?