चार शनिवार, चार लोककला: छोट्या सभागृहातल्या कार्यक्रमांवर ग्रुपवर झालेली चर्चा

सांस्कृतिक समिती: नमस्कार मंडळी. शेजारच्या छोट्या सभागृहात पुढच्या महिन्यात चार शनिवारी लोकसंगीताचे कार्यक्रम ठरलेत. पहिल्या शनिवारी गोंधळ, दुसऱ्या शनिवारी बैठकीची लावणी, तिसऱ्या शनिवारी शाहिरी आणि जलशाची गाणी, चौथ्या शनिवारी तारपा आणि जात्यावरच्या ओव्या. वेळ संध्याकाळी ७ ते ९. आपल्या सोसायटीसाठी काही जागा राखून ठेवल्या आहेत. सभागृहाच्या मंडळींनी आपल्याकडून सूचना मागवल्यात, तेव्हा ज्यांना काही सांगायचंय त्यांनी इथेच लिहा.

ए-५०१: छान. पण चार शनिवार कशाला? एकाच संध्याकाळी सगळं बसवलं तर गर्दी होईल. प्रत्येकाची दोन-दोन गाणी घ्यायची.

बी-३०२: मलाही तेच वाटतं. मुलांना सगळे प्रकार एकदम बघायला मिळतील.

सी-२०३: दादा, ताई, तसे कार्यक्रम आपण पुष्कळ बघतो. एक गोंधळ, एक लावणी, एक कोळीगीत आणि शेवटी वारी. त्यांचीही गरज होतीच. शाहीर साबळ्यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’मधून हे प्रकार मोठ्या रंगमंचावर नेले म्हणून शहरातल्या कितीतरी लोकांना ते निदान ओळखीचे झाले. पण आता हाताशी छोटं सभागृह आहे, पहिल्या रांगेतला माणूस कलावंताच्या हातभर अंतरावर बसणार आहे. अशा जागी एका संध्याकाळी एकच प्रकार हवा, आणि तो त्याच्या चालीने, सवडीने व्हायला हवा.

गोंधळच घ्या. घरचा गोंधळ रात्रभर चालतो. चौक मांडतात, दिवटी पेटते, गण होतो, मग ठिकठिकाणच्या देवदेवतांना नावं घेऊन गोंधळाला बोलावतात. हा पूर्वरंग. त्यानंतर आख्यान. मुख्य गोंधळी कथा सांगतो, आणि त्याचा साथीदार त्याला मध्येच अडवतो, वेड पांघरून प्रश्न विचारतो, लोकांना हसवतो, की पुन्हा कथा पुढे सरकते. शेवटी आरती. ‘दोन गाणी करा’ म्हटलं की सगळ्यात आधी आख्यानाला कात्री लागते, कारण त्याला वेळ लागतो. मग लोकांच्या कानावर पडतो फक्त संबळाचा ठेका, आणि समजतात की हाच गोंधळ.

ए-५०१: मान्य. पण रात्रभराचं दोन तासांत बसवायचं तर काही ना काही कापावंच लागणार ना?

सी-२०३: हो, लागणारच. पण काय कापायचं ते संचातल्या मुख्य गोंधळ्यांनी ठरवावं, निवेदकाने किंवा आपण नव्हे. आवाहनातली नावं कमी करता येतात, छोटं आख्यान निवडता येतं. त्यांच्या अंगात ही मोजमापं मुरलेली असतात. आणि एका आख्यानात ताकद किती असते बघा: विठ्ठल उमपांनी ‘जांभूळ आख्यान’ रंगमंचावर आणलं तेव्हा द्रौपदी आणि कर्णाच्या एवढ्याशा कथेवर अख्खा प्रयोग उभा राहिला. दोन तास कमी नाहीत. फक्त ते चार जणांत वाटू नका.

बी-१०१: मी जरा वेगळं बोलतो. गोंधळ हा आमचा कुळाचार आहे. घरात लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायचाच. तो तिकीट लावून सभागृहात करायचा, हे मनाला पटत नाही.

सी-२०३: काका, तुमची शंका अगदी रास्त आहे. सभागृहात होईल तो विधी नव्हे, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवं. घट आणि पूजा यातलं काय मंचावर आणायचं आणि काय घरच्या गोंधळासाठीच ठेवायचं, हे गोंधळ्यांना विचारूनच ठरवू. ज्यांच्या घरात ही विद्या पिढ्यानपिढ्या आहे त्यांना ही रेघ आपल्यापेक्षा नीट कळते. तुम्ही पहिल्या शनिवारी या आणि जे खटकेल ते कार्यक्रमानंतर त्यांच्याशी बोला. तुमच्यासारखा जाणता माणूस समोर असला तर त्यांनाही हुरूप येईल.

बी-१०१: बरं. येतो. पण दिवटीला खरी ज्योत असते, सभागृहात चालेल का?

सांस्कृतिक समिती: काका, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. पडदे जवळ आहेत. विचारून सांगतो.

डी-४०४: साउंडचं मी बघतोय. दोन मोठे स्पीकर, सहा माइक सांगितलेत. अजून काही हवं का?

सी-२०३: दादा, उलट कमी करा, अशी विनंती आहे. संबळ जवळून बघितलाय का? लहान-मोठी दोन वाद्यं एकत्र बांधून कमरेला लटकवलेली असतात, हातात दोन काठ्या, त्यातल्या एकीचं टोक वळलेलं. लहान वाद्याचा आवाज कडक, टणत्कारी, आणि मोठ्याचा घुमणारा. तो वाजायचा अंगणात, मांडवात, उघड्यावर. शंभरएक माणसांच्या बंद खोलीत त्याला माइक लावला तर पहिल्या पाच मिनिटांत लोकांचे कान बधिर होतील आणि कथेतला शब्द कुणालाच कळणार नाही. तुणतुण्याला मात्र आधार द्या. त्याची एकच तार, पण सूरही तीच धरते आणि लयही, आणि संबळाच्या शेजारी ती बिचारी बुडून जाते. एक माइक मुख्य गायकाला, एक साथीदाराला, एक तुणतुण्याजवळ. बास.

डी-४०४: आणि संबळ अजिबात नको?

सी-२०३: अजिबात नको. रिकाम्या सभागृहात आणि भरलेल्या सभागृहात आवाज वेगळा लागतो, म्हणून त्यांना तासभर आधी बोलवा आणि स्वतः शेवटच्या रांगेत बसून ऐका. तिथे शब्द कळला की झालं. आणखी एक, एसी. चामड्याची वाद्यं हवेप्रमाणे उतरतात-चढतात. दमट हवेत डफ, हलगी, दिमडी बसतात, म्हणून वाजवणारे त्यांना शेकून चढवतात. थंडगार खोलीत मांडलेलं वाद्य माणसं भरल्यावर वेगळं बोलायला लागतं. एसी चालू-बंद करत बसू नका. कलावंत येण्याआधी एकदा लावा आणि तसाच राहू द्या, म्हणजे वाद्यं त्या हवेला सरावतील. शेकण्यासाठी बाहेर एक कोपराही लागेल त्यांना, तिसऱ्या शनिवारी तर नक्की.

सेक्रेटरी: १० नंतर लाउडस्पीकरची तक्रार यायला नको, एवढं बघा.

सांस्कृतिक समिती: साहेब, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी आहे, पण बंद सभागृहातल्या आतल्या ध्वनियंत्रणेला त्यातून सूट आहे. शिवाय आपण ९ ला संपवणार आहोत.

बी-३०२: दुसऱ्या शनिवारचं विचारू का? लावणीला मुलांना घेऊन यायचं की नाही, काही कळत नाहीये. सासूबाई तर नकोच म्हणतायत.

सी-२०३: ताई, जरूर आणा, सासूबाईंनाही आणा. आपल्या डोळ्यांपुढे येते ती फडावरची लावणी: ढोलकी, घुंगरं, जोरकस नाच. तीही मोठी कला आहे. पण त्या दिवशी आहे ती बैठकीची लावणी. यात गायिका बसून गाते, साथीला तबला आणि पेटी. गाता गाताच भाव दाखवायचा. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी अर्थ बदलतो. आधी रुसवा, मग आर्जव, मग टोमणा. शब्द तेच असतात. बदलते नजर, मान, बोटांची हालचाल, एखाद्या अक्षरावर घेतलेली मुरकी. ही अदाकारी लांबून दिसतच नाही, मैदानातल्या हजारो लोकांसाठी ती नाहीच. ती अशाच खोलीसाठी बनली आहे, म्हणून चारांतला हा कार्यक्रम कुणी चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी ही बैठकीची लावणी आयुष्यभर सांभाळली. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. होनाजी बाळा, रामजोशी, परशराम, सगनभाऊ या शाहिरांच्या रचना केवळ पुस्तकांमुळे आपल्यापर्यंत पोचलेल्या नाहीत, गाणाऱ्या बायकांनीही त्या गळ्यात जपल्या. त्या बायकांना समाजाने काय वागणूक दिली ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे हात जोडून सांगते: शिट्ट्या नकोत, आणि मंचाजवळ जाऊन नोटा धरणं तर मुळीच नको. दाद द्यायची तर ‘वा’ म्हणा, ती ओळ पुन्हा मागा. त्यांना त्याचाच आनंद जास्त होईल.

ए-५०१: मग मानधनाचं काय? दौलतजादा नको म्हणता, ते बरोबरच आहे, पण पैसे नीट मिळाले पाहिजेत.

सी-२०३: दादा, लाखमोलाचं बोललात. समितीला विनंती: मानधन संचाच्या नावाने एकरकमी देऊन मोकळे होऊ नका. झीलकरी म्हणजे मागून सूर ओढणारे साथीदार, तुणतुणेवाला, पेटीवाला, प्रत्येकाला काय मिळणार ते आधी ठरू द्या, लिहून घ्या, आणि प्रवासखर्च वेगळा धरा. कार्यक्रम झाल्या रात्रीच पैसे हातात. लोककला टिकली पाहिजे असं आपण सगळेच म्हणतो, ती अशाने टिकते.

सांस्कृतिक समिती: सभागृहाला कळवतो. हे लेखी मागतो.

एफ-२०२: तिसऱ्या शनिवारी ‘जय जय महाराष्ट्र माझा’ होईल ना? आता ते राज्यगीत आहे.

सी-२०३: २०२३ मध्ये ते राज्यगीत झालं, खरं आहे. राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांचं संगीत, आणि शाहीर साबळ्यांचा आवाज. शाहिरांना वाटलं तर म्हणतीलच. पण फर्माईश आधी पोवाड्याची करा. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधावर रचलेला पोवाडा शिवकाळातला. महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला तो रयतेच्या बाजूने. पुढे गाण्यांतून समाजजागृती करणारे सत्यशोधकांचे आणि आंबेडकरी जलसे आले, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानं पेटवली, वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यावस्त्यांत गेली. डफ तोच, तुणतुणं तेच, सांगायची गोष्ट दर वेळी नवी. त्या शनिवारच्या कार्यक्रमात हा धागा दिसावा, एवढीच माझी इच्छा आहे. आणि झीलकऱ्यांनी ‘जी जी रं’ ओढलं की आपणही ओढायचं, गप्प बसायचं नाही!

ई-१०३: ताई, मी कॉलेजला आहे. सगळं रेकॉर्ड करून टाकू का? रील्सवर खूप चालेल.

सी-२०३: बाळा, आधी कलावंतांना विचार. एखादं मिनिट टाकायला बहुतेक जण हो म्हणतील, पण अख्खं आख्यान किंवा अख्खी लावणी टाकायची की नाही हे त्यांच्या हातात असू दे. आणि टाकशील तेव्हा ‘पारंपरिक’ एवढंच लिहून सोडू नकोस. गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं नाव आणि गाव लिही.

ई-१०३: चालेल. चौथ्या शनिवारी तारपा म्हणजे वारली चित्रांत गोल नाच असतो तेच ना?

सी-२०३: तेच. मधोमध वाजवणारा आणि भोवती नाचणाऱ्यांची साखळी. वाळवलेला भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वासासाठी थांबत नाही, सूर अखंड चालू राहतो. तो वळेल, सूर बदलेल, तशी साखळीची पावलं बदलतात, आणि नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. म्हणूनच त्याला मंचावर उभं करू नये असं मी म्हणते. मंचावर गेला की गोलाची सरळ रांग होते, सगळे प्रेक्षकांकडे तोंड करून नाचतात, मग मधल्या तारप्याला अर्थच उरत नाही. खुर्च्या भिंतीलगत लावा, ज्यांना खाली बसता येतं त्यांनी सतरंजीवर गोल करून बसा, आणि नाच मध्यभागी होऊ द्या.

डी-४०४: होऊन जाईल. खुर्च्या सुट्ट्याच आहेत.

ई-६०२: आमच्या आजी हे सगळं माझ्याकडून वाचून घेतायत. त्या विचारतात, ओव्या स्टेजवर कशा म्हणणार? ओवी कुणाला ऐकवायला म्हणत नाहीत.

सी-२०३: आजींना नमस्कार सांगा. त्यांनी नेमकं बोट ठेवलं. पहाटेच्या अंधारात, दळता दळता, बाई स्वतःशी आणि जात्याशी बोलायची. भाऊ, माहेर, लेक, विठ्ठल, नशिबाचे भोग, सगळं त्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या गटाने गावोगाव जाऊन अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचायला, ऐकायला मिळतात. सभागृहात करायचंच तर खरं जातं हवं, आणि त्यात खरंच दाणे घालून दळायला हवं. जात्याचं ओझं हाताला लागलं की ओवीची लय आपोआप येते, नुसतं बसून म्हटलं की ती भावगीतासारखी होते. आणि दोघी समोरासमोर बसून खुंटा धरणाऱ्या हव्यात, एकीने उचललेली ओवी दुसरी पुढे नेते.

ई-६०२: आजी म्हणतायत, पाहुण्या बायकांबरोबर खुंट्याला हात लावायला त्या तयार आहेत. म्हणायचं की नाही ते त्या वेळी बघू म्हणाल्या.

सी-२०३: याहून जास्त काय हवं! त्यांना बसायला जाड बैठक आणि पाठीला टेकू ठेवू. माइक त्यांच्या तोंडासमोर नको. दूरवर एखादा ठेवता येईल.

ए-५०१: आमच्याकडे गावाहून आणलेलं जातं आहे. बाल्कनीत पडून आहे, खुंटा मोडलाय आणि वरची तळी गुळगुळीत झालीय.

सी-२०३: दादा, खुंटा सुतार बसवून देईल. तळ्यांना टाकी लावून, म्हणजे छिन्नीने पुन्हा खरबरीत करून घ्यावं लागेल, नाहीतर दाणा नुसता फिरत राहील. कुणाला टाकी लावणारा माहीत असेल तर कृपया इथे सांगा.

बी-१०१: माझ्या ओळखीचा एक पाथरवट आहे. रविवारी त्याला घेऊन येतो.

ई-६०२: आजींचा निरोप: नवी टाकी लावली की पहिल्यांदा मूठ-दोन मूठ भरड दळून टाकून द्यायची, त्यात दगडाची कच येते. आणि जातं दोन दिवस आधी आणा, खुंटा हाताला बसतो का ते त्यांना बघायचंय.