वर्षाचं धान्य भरताना
वर्षाचं धान्य एप्रिल-मेमध्ये एकदम भरलं की स्वस्त पडतं, असं बरेचदा म्हटलं जातं, ते गव्हाबाबत पटतं. नवा गहू बाजारात आलेला असतो, भाव जरा उतरलेला असतो, शिवाय कडक ऊन फुकट. पण ते ऊन फ्लॅटमध्ये आणायचं कुठून? गच्चीची किल्ली सेक्रेटरीकाकांच्या कपाटात! नीट न वाळवलेला गहू डब्यात गेला की पावसाळ्यात सोंडे झालेच म्हणून समजा. मग कसली बचत? जागा आणि ऊन नसेल तर दोन-तीन महिन्यांचाच भरा.

तूरडाळीला मात्र एरंडेल चोळून ठेवावं. तळहात जेमतेम तेलकट होईल इतकंच घ्यायचं, डाळीला चमक आली की बास. शिजवण्याआधी गरम पाण्यानं धुतली की वासही राहत नाही. तांदळाला बोरिक पावडर लावायची रीत मला अजिबात पसंत नाही, तांदूळ पोटात जायची वस्तू आहे. त्यापेक्षा कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला बरा.

आणि हो, डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून मगच कुकर लावा. एखाद-दुसरी शिट्टी कमी लागते, सिलिंडर थोडा जास्त पुरतो.