मदत हवी आहे: संक्रांतीला चंद्रकळा फाटली, आता मंगळागौरीला शालू मागतायत

घडीमोड:

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

गिरणगावातल्या एका जुन्या चाळीचे दोन मजले घेऊन एका न्यासाने तिथे १९३५ च्या सुमाराचं बिऱ्हाड, खानावळ आणि वाण्याचं दुकान उभं केलं आहे. काचेच्या कपाटात मांडलेल्या वस्तू नाहीत. आमची मुलंमुलीच त्या काळचे कपडे घालून वावरतात, जात्यावर दळतात, खानावळीत ताटं मांडतात आणि बघायला येणाऱ्यांशी गप्पा मारतात. स्टॉकहोमचं स्कान्सेन १८९१ पासून असं चालतं म्हणे. आमचं शनिवार-रविवारपुरतं आहे. गेले आठ महिने तिथला कपडेपट माझ्याकडे आहे. त्याआधी अठरा वर्षं नाटकांचा कपडेपट केला, म्हणूनच मला बोलावलं. दोन्ही कामं एकच, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं.

नाटकात प्रेक्षक वीस फुटांवर अंधारात बसलेला असतो. इथे चौथीतलं पोर पदर चिमटीत धरून विचारतं, "मावशी, हे खरं आहे?" पहिल्याच महिन्यात फजिती झाली. नाटकात झटपट बदलायला लागतं म्हणून आम्ही पोलक्याला वेल्क्रो लावतो, इथेही हात सवयीने तेच करून बसला. आमची मुलगी चुलीपुढून उठताना चर्रर्र आवाज झाला आणि मागून एक चिरका आवाज, "टीचर, वेल्क्रो!" वेल्क्रोचं पेटंट १९५५ चं. सगळी पोलकी उसवून हूक आणि टिचबटणं लावली.

आता मुख्य दुखणं. माझी खोली दहा बाय बारा, तिसऱ्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला, म्हणजे पाऊस सरळ आत. दोन लोखंडी कपाटं. त्यात एकशे साठ नग. हिंदमाता आणि मंगळदासच्या कापडबाजारातून कापड आणून शिवून घेतलेले सदरे, बंड्या, पोलकी. धोतरं. इरकली लुगडी. ड्रेसवाल्याकडून भाड्याने आणलेले कोट. आणि याच कपाटांत, याच फळ्यांवर, लोकांनी आजी-पणजीच्या आठवणीखातर दिलेले खरे जुने कपडे. सगळं एकत्र, एकाच वहीत, एकाच नंबरात.

याचा परिणाम संक्रांतीला दिसला. एका विश्वस्तांच्या घरची काळी चंद्रकळा होती, रेशमी, बारीक जरीच्या काठाची. "हळदीकुंकवाला हीच नेसवा," असा हुकूम आला. नेसवणारी मीच. कास्टा नीट झाला, पुढच्या निऱ्या घेतल्या, खोचताना जरा ताणलं आणि कापड गेलं. फाटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. ओला पापड सुटावा तसं बोटांत सुटलं. काठ शाबूत, जर शाबूत, मधला काळा भाग मात्र निरीच्या रेघेत वीतभर उघडा. माझ्या अंगठ्यावर काळी भुकटी.

वर मी आणखी एक घाण केली. पाहुणे जिन्यात होते. शिंपी कॉलरला लावतात ते पेस्टिंग मागून इस्त्रीने चिकटवलं आणि कार्यक्रम पार पाडला. नाटकात हेच करतो. घरी जाऊन जेवण गेलं नाही.

आता त्याच घरून एक ट्रंक आली आहे. त्यात शालू आहे, आणि श्रावणात मंगळागौरीच्या कार्यक्रमाला तो नेसवायचा असं परस्पर ठरलंय. फुगड्या, झिम्मा, पिंगा, सगळं त्या शालूत! नाही म्हणायचं आहे, पण कुठल्या तोंडाने? संक्रांतीला मीच नेसवली होती की.

शिवाय पावसाळा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच कोटांना कुबट वास आला, एका बंडीवर पांढरे ठिपके, आणि कपाटाच्या तळाशी कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, दिसली. डांबरगोळ्या टाकल्या आहेत. बरोबर केलं का?

एक गोष्ट मात्र विचारत नाहीये. "शिवलेली नऊवारी घ्या, दोन मिनिटांत होते" असं कृपया सांगू नका. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड अंगावर कसं बसतं हे बघायलाच लोक येतात. पोरी शिकतायत, शिकतील.

---

सुताचा_गुंता:

ताई, पेस्टिंगचं लपवलं नाहीत हे फार बरं केलंत. बहुतेक लोक लपवतात आणि मग पुढच्याला कोडं पडतं. मी कापडांच्या जतनातच नोकरी केली, आता निवृत्त.

चंद्रकळेवरून सुरू करतो. काठ शाबूत आणि काळा भाग भुकटी, हे वाचूनच लोखंड आठवलं. जुना काळा रंग अनेकदा हिरड्यासारख्या तुरट फळातलं टॅनिन आणि लोहाचा क्षार एकत्र करून देत. रंग झकास येतो, पण तेच लोह रेशमाचा धागा आतून खात राहतं. कपाटात नुसतं ठेवलं तरी खातं, दमट हवेत जास्तच. तुमची त्याच रंगाची असेल तर ती आधीच मेलेली होती, तुमच्या हातात फक्त कळलं. म्हणजे तुम्ही निर्दोष असं नव्हे. नेसवायला नकोच होती. पण ताणल्यामुळे फाटली, असंही मनात धरू नका.

पेस्टिंग ओढून काढू नका. पुन्हा इस्त्री नको, पाणी नको, ड्रायक्लीन तर नकोच. सपाट ठेवा आणि जतनाच्या माणसाला दाखवा. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं जतन केंद्र आहे, तिथे विचारा. आणि अंगठ्यावर आली ती भुकटी झाडून टाकली असेल तर असो, पण इथून पुढे निसटलेला धागासुद्धा पाकिटात घालून त्याच नंबराखाली ठेवायचा.

डांबरगोळ्या काढा. त्यांची वाफ तुमच्या पोरीच दिवसभर हुंगणार, आणि बुरशीला त्यांचा काही उपयोग नाही. बुरशीचं गणित आर्द्रतेचं आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ती धरते, आणि जुलैत मुंबईची हवा त्याच्या बरीच वर असते. भिंतीवर एक आर्द्रतामापक लावा. पश्चिमेची खिडकी पावसाळाभर बंद. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागून हवा फिरली पाहिजे. जमलं तर हवेतलं पाणी ओढणारं यंत्र मागा. विश्वस्तांना त्याचा खर्च सांगताना चंद्रकळेचा फोटो सोबत ठेवा.

कसर खळीवर येते. शिवून घेतलेल्या कपड्यांना खळ करता ना? ते कपडे चार महिने खळीशिवाय धुऊन ठेवा. खळ घालायची ती शनिवारी सकाळी.

---

पडद्याआडचा_बंड्या:

माई, ओळखलं! वेल्क्रोच्या गोष्टीवरून ओळखलं, पण नाव घेत नाही.

घामाचं मी सांगतो. वरचा कपडा रोज धुवायचाच नाही. आत सुती गंजिफ्राक, बाईमाणसाला पातळ मलमलची बिनबाह्यांची बंडी, प्रत्येकाच्या तीन-तीन. ती रोज धुवायची. पोलक्याच्या काखेत दुहेरी सुती पट्टी कच्च्या टाक्याने लावायची आणि आठवड्याला बदलायची. कोट उलटा करून अस्तरावर व्होडका फवारायची. हसू नका, कपडेपटातली जुनी युक्ती आहे, वास जातो आणि डाग पडत नाही. एका दौऱ्यात मी बिलात "वस्त्रशुद्धी द्रव्य" लिहिलं होतं. हिशेबनिसाने पास केलं, बाटली बघितल्यावर दुसऱ्यांदा नाही केलं. तेव्हापासून औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट पाणी घालून वापरतो. आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून रंग जातो का बघायचं, आणि आसपास शेगडी पेटलेली नको.

आणि पावसाळ्यात कपाटात चाळीस वॉटचा बल्ब लावा. आमच्या गिरगावच्या घरी आईने जन्मभर लावला.

---

सुताचा_गुंता:

बंड्याशेठ, बाकी सगळं मान्य, बल्ब नको. बल्बाजवळचं कापड भाजतं, लांबचं ओलंच राहतं, आणि रात्री विझवला की गार झालेल्या लोखंडी पत्र्यावर पुन्हा पाणी धरतं. जुन्या चाळीतलं वायरिंग, लाकडी जिना आणि बंद कपाटात पेटता दिवा, मला झोप लागणार नाही. आणि तुमचं ते द्रव्य भाड्याच्या कोटापुरतंच. ट्रंकेतल्या कुठल्याही कापडावर एक थेंब नाही.

---

पडद्याआडचा_बंड्या:

बरं बाबा, बल्ब मागे घेतो. आईला सांगणार नाही.

---

वाइंडिंगवालीची_लेक:

मला जतनातलं काही कळत नाही. पण १९३५ चं गिरणगाव आणि शालू, हे वाचून राहवलं नाही.

माझी आजी वाइंडिंग खात्यात होती. आईही नंतर त्याच खात्यात. आजीची लुगडी दोन, एक अंगावर, एक दोरीवर. कामाला जाताना पोटरीपर्यंत वर खोचलेलं, पदर कमरेला घट्ट, कारण सुटा पदर यंत्रात जाईल ही भीती. अंगावर सुताची कस्पटं बसलेली. सणाला तेच लुगडं धुऊन नेसायची. विरलं की दंड घालायचं, म्हणजे विरलेला मधला भाग काढून चांगले तुकडे जोडायचे. दंडही विरला की गोधडी, गोधडी विरली की बाळाची दुपटी, मग पायपुसणं. म्हणून आमच्या घरातून तुम्हाला ट्रंक येणार नाही. आमचं काही उरलंच नाही. ट्रंका येतात त्या ज्यांच्याकडे दहा लुगडी होती त्यांच्या घरून. आणि शालूसुद्धा किती घरांत उरले? जर चांदीची असायची, अडीअडचणीला जरीवाल्याला देऊन पैसे केले जायचे.

तेव्हा माई, शालू नेसवू नका, कारण फाटेल. पण न फाटणारा असता तरी तुमच्या खानावळीत तो नको. दंड घातलेलं लुगडं दाखवा. कुणालाच दंड घालता येत नसेल तर मी येऊन दाखवते, मला येतो.

---

घडीमोड:

लेकीबाई, हे वाचून मी जरा वेळ फोन खाली ठेवला. दंड! आठ महिन्यांत मी सगळी लुगडी कोरी करकरीत नेसवली, कशी दिसतात ती? सहलीच्या गणवेशासारखी. पोरं "हे खरं आहे का" विचारतात ती उगाच नाही. तुम्ही याच. चहा माझ्याकडे.

काय केलं ते सांगते, कारण मधे चार दिवस गेले.

वह्या तीन केल्या. पहिली जुन्या कपड्यांची. हे अंगावर जाणार नाहीत, कुणीही सांगितलं तरी. दुसरी आपण शिवलेल्यांची. हे घालायचे, धुवायचे, विरले की दंड, आणि शेवटी गोधडी. तिसरी भाड्याची. खुणेसाठी आधी टाचणीने चिठ्ठ्या लावत होते, त्या दमट हवेत गंजून सदऱ्यांवर तांबडे ठिपके पाडत होत्या. आता सुती नाडीचा तुकडा, त्यावर न जाणाऱ्या शाईने नंबर, कडेला दोन टाके. धोब्याची खूण वेगळी. एक कपाट फक्त पहिल्या वहीचं, किल्ली माझ्याकडे आणि व्यवस्थापकांकडे.

विश्वस्तांशी बोलले. चंद्रकळा पांढऱ्या कापडावर पसरून ठेवली आणि त्यांना बोलावलं. पेस्टिंगचंही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आई ही नेसून फोटो काढायला गेली होती." रागावले असते तर सोपं गेलं असतं. शालू नेसवायचा नाही हे मान्य झालं, पण मंगळागौरीला तो दिसला पाहिजे, एवढी त्यांची अट. म्हणून माजघरात उघड्या ट्रंकेत, हात पोचणार नाही असा, मंद उजेडात, फक्त तेवढी संध्याकाळ. गुंता काका, चालेल ना?

फुगड्या घालणाऱ्या मुलींना काय नेसवायचं ते अजून पक्कं नाही. त्या काळात मुंबईतल्या शिकलेल्या बायका पाचवारी गोल नेसू लागल्या होत्या, तेव्हा सगळ्याच नऊवारीत नको. एखादी गोल पातळातली सूनही हवी, आणि तिच्याकडे बघून नाक मुरडणारी सासू. सासूच्या भूमिकेसाठी तिघी तयार आहेत. चित्रकार धुरंधरांची चित्रं चाळतेय, आणि डोक्यावरच्या पगड्या-टोप्यांसाठी राणीच्या बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या मातीच्या छोट्या मूर्ती पुन्हा बघून येणार आहे.

---

सुताचा_गुंता:

ट्रंक चालेल. आत बिनखळीची धुतलेली मलमल अंथरा, घडीच्या वळणात मलमलीचीच गुंडाळी ठेवा म्हणजे रेघ पडणार नाही. नंतर पुन्हा घडी घालू नका, नळीवर गुंडाळा, जर बाहेरच्या बाजूला. साधी पुठ्ठ्याची नळी आम्लयुक्त असते, तिच्यावर आधी पॉलिस्टरची पारदर्शक फिल्म, मग मलमल. आणि ट्रंकेत कसर असेल तर शालू आधी तपासा, भिंगाने, घडीघडीत.

---

घडीमोड:

तपासला, कसर नाही. ट्रंकेच्या अस्तरात मात्र होती. अस्तराचा कागद काढून पिशवीत बांधून बाहेर नेला.

आता शेवटची मदत. शालूचा पन्हा पंचेचाळीस इंच भरला, तेव्हा साधारण साडेचार फूट लांब आणि चार इंच जाड अशा पुठ्ठ्याच्या तीन नळ्या हव्यात. मंगळदासमध्ये तागे संपले की नळ्या उरतात, पण गेल्या खेपेला मिळाल्या त्या मनगटाएवढ्या बारीक होत्या. जाड नळ्या कुठल्या गल्लीत, कुणाकडे मागायच्या, कुणाला माहीत आहे का? सोमवारी दुपारी त्या बाजूला जातेय.