बाभळीच्या फळीवर बैल रंगवलाय, पांढरा रंग पिवळा पडतोय. मदत हवी आहे

मंडळी, मी उदगीरचा. लोकांच्या कुत्र्या-मांजरांची चित्रं लाकडावर ॲक्रिलिकने काढून देतो. आजवर प्लाय किंवा एमडीएफवरच काम केलं, त्यामुळे कुठं अडलं नाही. आता अडलोय.

गल्लीतल्या मामांचा देवणी बैल गेला. वानेरा होता, म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून गोऱ्हा असताना आणलेला. मामांनी मोडक्या बैलगाडीची बाभळीची फळी आणून दिली. "ह्याच्यावरच काढ, ही गाडी त्यानंच ओढली." नाही कसं म्हणणार?

फळीवरचं जुनं वंगण थिनरने पुसलं. आधी 120 आणि मग 220 नंबरचा पॉलिश पेपर मारला, जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, 3 हात दिले. मोबाइलमधला फोटो मोठा छापून कार्बनने उतरवला. डोळा आधी केला, माझी ती सवयच आहे. डोळा जमला नाही तर पुढं हातच चालत नाही. तोंडाचा काळा रंग बर्न्ट अंबर (तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) मिसळून केला, नुसता काळा मेल्यासारखा दिसतो. मग मान आणि वशिंड, गडद राखाडीवरून पांढऱ्याकडं, 0 नंबरच्या ब्रशने केसाच्या दिशेनं.

चौथ्या दिवशी वशिंडावर चहा सांडल्यासारखे डाग. वर पांढरा मारला, दोन दिवसांत ते परत आले. शिवाय फळी मधोमध पुढच्या बाजूला फुगलीय. पोळ्याच्या आधी द्यायचंय. सगळं खरवडावं लागेल का? डोळा फार मनासारखा आलाय हो.

प्रतिसाद १
डाग वंगणाचे नाहीत, बाभळीचेच आहेत. बाभळीच्या सालीनं कातडी कमावतात ना, तोच तुरट कस (टॅनिन) लाकडातही असतो. जेसोतल्या पाण्यात तो विरघळून वर येतो. ॲक्रिलिकमध्येही पाणीच, त्यामुळे पांढऱ्याचे दहा हात दिले तरी डाग येणारच. मध्ये लाखेचा थर हवा. सुताराकडून चपडा (लाखेच्या पापड्या) घ्या, स्पिरिटमध्ये भिजवा, रात्रभर न हलवता ठेवा. लाखेतलं मेण खाली बसतं, वरचं नितळ तेवढंच वापरा. मेणावर जेसो धरत नाही.
रंगावरूनच चपडा मारायचा मोह मात्र आवरा. स्पिरिटनं ॲक्रिलिक सुटतं, डोळा जाईल.

प्रतिसाद २
तोंड काळं आहे ना? मग तिथले डाग दिसणारच नाहीत. तेवढं राहू द्या. मान आणि अंग लाकूड लागेपर्यंत घासा, चपड्याचे 2 हात द्या, काळ्याच्या कडेला ब्रश अलगद चालवा. मग जेसो. आणि फळीची मागची बाजू कोरी ठेवलीत ना? एका बाजूनं पाणी प्यायली आणि मागून उन्हाळ्यात सुकली, म्हणून वाकली. मागंही तेवढेच हात द्या. वाकलेलं थोडंफार राहील, गाडीची फळी आहे, शोभेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. मागची बाजू कोरीच होती, चूक कबूल. काल अंग घासून काढलं, चपडा लावलाय, डोळा शाबूत. जेसो देऊन आठवडाभर नुसतं बघत बसणार, डाग आला नाही तरच रंग.
आता मामा म्हणतात, शिंगांना हिंगूळ लावलेला दाखव. फोटोत शिंगं साधीच आहेत. पोळ्याच्या दिवशीचा त्याचा एखादा फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये निघतो का, ते गल्लीत विचारत फिरतोय.