कोरकू गावांत मानसिक आजाराचे उपचार मध्येच सुटतात, काय बदलायला हवं?

उपकेंद्र_मेळघाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. धारणी-चिखलदऱ्याकडच्या समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताईंसाठी मानसिक आरोग्याच्या कामाची घडी बसवायची आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं शिबिर होतं, निदान होतं, गोळ्या सुरू होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पेशंट यायचा थांबतो. घरचे आधी भुमका-पडियाराकडे (गावचे पुजारी-वैदू) जातात, मग आपल्याकडे, मग परत तिकडे. एखाद्या डॉक्टरांनी "ही अंधश्रद्धा सोडा" म्हटलं की ते कुटुंब पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. बायकांना मराठीत विचारलं तर 'हो', 'नाही' यापुढे उत्तर येत नाही.

तीन गोष्टी हव्या आहेत: पीएचक्यू-९ (नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची यादी) कोरकू माणसाला कसं विचारायचं, भुमकांबरोबर कुठवर काम करायचं, आणि गोळ्या सुटू नयेत म्हणून काय करायचं. उद्या सकाळपासून करता येईल असंच सांगा.

मानस_परिचारिका

आधी दुभाष्याचं बघा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिचा मराठी-हिंदीशी मुळातूनच संबंध नाही. 'थोडं मराठी येतं' म्हणणारी बाई बाजारहाट मराठीत करेल, मनातलं दुःख नाही सांगणार. दुभाषी म्हणून नवरा, सासू किंवा शाळेत जाणारं पोर कधीही बसवू नका. शक्यतो दुसऱ्या गावची कोरकू आशाताई घ्या, कारण त्याच गावची असली तर नात्यातलीच निघते. तिला आधी दहा मिनिटं द्या: जे ऐकशील ते बाहेर जाणार नाही, उत्तर गाळायचं नाही, आपल्या मनाने गोड करायचं नाही. बोलताना नजर पेशंटकडे ठेवा, आशाताईकडे नाही. एका वेळी एकच वाक्य. पंधरा मिनिटांच्या मुलाखतीला चाळीस धरा, नाहीतर घाईत सगळेच 'नाही' म्हणतील.

पीएचक्यू-९ शब्दशः विचारू नका. सातवा प्रश्न पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागतं का, असा आहे. त्याऐवजी रोपणी करताना हात मध्येच थांबतो का, चुलीवर ठेवलेलं विसरता का, असं विचारा. मागच्या दोन आठवड्यांत 'किती दिवस' हा हिशेब आठवडी बाजारावर लावा: परवाचा बाजार, त्याआधीचा बाजार. उत्तराचे चार पर्याय तोंडी सांगून गोंधळ होतो, म्हणून चार वाट्या ठेवा, एक रिकामी आणि बाकी वाढत्या दाण्यांच्या.

आता पीएचक्यू-९ च्या एकूण गुणांबद्दल. १० किंवा जास्त गुण म्हणजे नैराश्य असं धरून चालू नका. थकवा आणि भूक हे दोन प्रश्न पावसाळ्यात, घरातलं धान्य संपत आलेलं असताना, निम्म्या गावात 'हो' येतील. हिमोग्लोबिन, सिकलसेल, क्षय आणि मलेरिया बघितल्याशिवाय त्या गुणांवर निदान करू नका. मरणाच्या विचारांचा नववा प्रश्न मात्र कधीच गाळू नका. तो एकांतात आणि सरळ विचारा. विचारल्याने विचार मनात पेरला जात नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी घरातलं कीटकनाशक दुसरीकडे कुलपात ठेवायला लावा आणि डॉक्टरांशी बोला. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. पेशंट कोरकूतच बोलत असेल तर आशाताईला शेजारी बसवून फोन लावा.

आणखी एक. घरात मृत्यू झाला असेल आणि माणूस 'तो रात्री येतो, बोलतो' म्हणत असेल तर लगेच सायकोसिस (भास-भ्रमाचा आजार) लिहू नका. कोरकूंमध्ये सिडोली (मृत्यूनंतरचा पितरांत मिळवायचा विधी) होईपर्यंत मेलेला माणूस पुरता पितरांत गेलेला नसतो, हे सगळं गाव मानतं. विचारायचं ते एवढंच: सिडोली झाली का, नसेल तर पैशामुळे अडली आहे का, आणि माणूस खातो-झोपतो-कामाला जातो का. सिडोली खर्चापायी वर्षानुवर्षं लांबते, आणि त्या खंतीचा उपाय गोळीत नाही.

सातपुड्याचा_कार्यकर्ता

भुमक्यांबद्दल माझं मत ठाम आहे. त्यांना आपला 'रेफरल एजंट' करू नका. प्रत्येक पेशंटमागे पैसे ठरवले की लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास जातो आणि आपल्यावरचाही. त्यांना गावातला जाणता माणूस म्हणून भेटा. पहिली बैठक दवाखान्यात बोलावून नको, त्यांच्या ओट्यावर. माहिती द्यायला नाही, विचारायला जा: अशा माणसाला तुम्ही काय म्हणता, काय करता, कोणत्या माणसाला गुण येत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक भुमक्यांकडे असतं, आणि तिथूनच आपलं काम सुरू होतं.

मग त्यांच्याबरोबर धोक्याच्या खुणा ठरवा, पाच-सहाच: ताप आणि बडबड एकत्र (इथे आधी मलेरियाची किट, मेंदूचा मलेरिया वेडासारखा दिसतो), पाच मिनिटांपेक्षा लांबलेली फिट, दोन दिवस अन्नपाणी बंद, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत भ्रमलेली बाई, मरायची भाषा, आणि दारू अचानक सोडल्यावर तिसऱ्या दिवशी थरथर आणि भास. यात पूजा आधी की दवाखाना आधी हा वाद नको. पूजा होऊ द्या, गाडीही त्याच वेळी बोलवा.

तडजोड कुठे नाही तेही त्याच बैठकीत स्पष्ट सांगा: चटके, मारहाण, साखळी, उपाशी ठेवणं, चालू गोळ्या बंद करायला सांगणं. आणि 'कुणी केलं' हे नाव घेणं. घरचे म्हणाले "कुणीतरी केलंय" तर आपण चुकूनही "कोण?" असं विचारायचं नाही. आपल्या कुतूहलातून एका म्हाताऱ्या विधवेचं नाव गावभर होतं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असं नाव घेणं गुन्हा आहे. देवपूजा, गोमेज, मुठवा या कोरकू देवांशी त्या कायद्याचं काही भांडण नाही, हेही आवर्जून सांगा, नाहीतर भुमके घाबरून दार बंद करतात.

उपकेंद्र_मेळघाट

खूप उपयोगी. सातपुडा दादा, एक शंका. घरचे म्हणतात, गोळी किंवा सुई घेतल्यावर अंगात जास्तच आलं, मान वाकडी झाली, डोळे वर गेले, म्हणून बंद केलं. हे दोन-तीन गावांतून ऐकायला मिळतं. देव कोपला असा अर्थ लावतात.

डॉक्टर_प्राआकें

मान वाकडी आणि डोळे वर, हा सायकोसिसवरच्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाचा ठरलेला दुष्परिणाम आहे. पहिल्या काही दिवसांत येतो, तरुण पुरुषांत जास्त. माणूस शुद्धीवर असतो, पण बघणाऱ्याला अगदी अंगात आल्यासारखं दिसतं. प्रोमेथाझिन २५ ते ५० मिग्रॅ स्नायूत दिलं की बहुतेकदा अर्ध्या तासात मान सरळ होते. ते इंजेक्शन उपकेंद्रापर्यंत आहे का ते बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्याच दिवशी घरच्यांना आणि भुमक्याला दोघांनाही सांगून ठेवा: असं झालं तर ते औषधाचं आहे, याला उतारा आहे, लगेच घेऊन या. आधी सांगितलेलं असलं की उपचार टिकतो, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते. जमेल तिथे त्याऐवजी रिस्पेरिडोन कमी मात्रेत, रात्री १ मिग्रॅपासून सुरू करावं, त्याने हा त्रास कमी होतो.

नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिन २० मिग्रॅचंही असंच. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बेचैनी, गुण दोन ते चार आठवड्यांनी. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर. हे माहीत नसलेला माणूस दहाव्या दिवशी गोळ्या सोडणारच. म्हणून पहिली घरभेट सातव्या दिवशी, महिन्यानंतर नाही. लिथियम (मनःस्थितीच्या तीव्र चढउतारांवरचं औषध) इथे शक्यतो टाळावं: रक्ततपासणी अमरावतीला, दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि उन्हात राबून पाणी कमी पडलं की विषबाधा होते. मूल होण्याच्या वयातल्या बायकांना व्हॅल्प्रोएट (फिट आणि मनःस्थितीच्या चढउतारांवरचं औषध) नको.

मोहाच्या दारूबद्दल ऑडिट ही दारूचा त्रास मोजणारी प्रश्नावली वापरत असाल तर 'किती पेग' हा प्रश्न चालत नाही. घरच्या दारूची ताकद भट्टीगणिक बदलते. सणाला आणि देवाला दिली जाणारी दारू बाजूला ठेवा आणि विचारा: सकाळी उठल्याबरोबर लागते का, नाही मिळाली तर हात थरथरतात का. दोन्हींना 'हो' असेल तर घरच्या घरी अचानक बंद करायला सांगू नका. दवाखान्यात आणा, आणि ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन द्या.

कायदा_आणि_ग्रामसभा

डॉक्टरांशी बोलताना हाताशी राहू द्या: मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम १८. सेवा स्वीकारार्ह हवी आणि संस्कृतीवरून भेदभाव नको, असं त्यात लिहिलेलं आहे. कलम ४ प्रमाणे माहिती त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत द्यायची असते. म्हणजे कोरकू दुभाषी ही मेहेरबानी नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी 'सांस्कृतिक सुरक्षितता' हा विचार मांडला तेव्हा त्यांचाही आग्रह हाच होता: सेवा सुरक्षित आहे की नाही हे घेणारा ठरवतो, देणारा नाही.

घरात कुणाला साखळीने बांधलं असेल तर ते कलम ९५ नुसार चालत नाही. पण थेट पोलीस घेऊन जाऊ नका. लोक जंगलात हरवेल, वाघ आहे, दिवसा घरी कुणी नसतं, म्हणून बांधतात. औषध घरी सुरू करा, नात्यातल्या चार जणांच्या पाळ्या लावा, आणि सोडायचा दिवस पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.

प्रवासखर्चासाठी पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) ५ टक्के अबंध निधीत आरोग्याचं शीर्ष आहे, ग्रामसभेच्या आराखड्यात 'दूरच्या उपचारासाठी प्रवास' असं एकत्र घाला. ग्रामसभेत पेशंटचं नाव किंवा आजार मात्र येऊ देऊ नका.

मानस_परिचारिका

गोळ्या सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण राहिलंच: स्थलांतर. दिवाळीनंतर कुटुंबं कामाला उतरतात आणि होळीला परततात. 'पेशंट फरार' अशी नोंद होते ती याच काळात. तेव्हा दिवाळीआधी यादी काढा, डॉक्टरांशी बोलून दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या. जिवाचा धोका असलेल्यांच्या गोळ्या नातेवाइकाकडे, थोड्या थोड्या. चिठ्ठीवर औषधाचं नाव, मात्रा, फोन, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य-चंद्राची खूण. परतल्यावरची तपासणी होळीचा फगवा उरकल्यानंतरच्या पहिल्या बाजारच्या दिवशी, बाजाराजवळच, पण 'मनोरुग्ण' असा फलक न लावता, रक्तदाब-साखरेच्या तपासणीच्या रांगेतच. पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या गावांचा साठा मे अखेर पोचवा. फिटच्या गोळ्या त्यात सगळ्यात आधी, त्या एकदम थांबल्या तर एकामागून एक फिट येऊन जीव जाऊ शकतो.